मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी इंग्रजी सेमिनारची तयारी

कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी) होऊन पीयूसीला (अकरावी-बारावी) विज्ञान शाखा घेणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी वाचता येते, उत्तरपत्रिकेत लिहिताही येते. मात्र उभे राहून दहा मिनिटे सलग इंग्रजीत बोलण्याची वेळ त्याच्यावर बहुधा अभियांत्रिकीच्या शेवटच्या टप्प्यात, टेक्निकल सेमिनारच्या निमित्ताने येते. मी याच वाटेने गेलो आहे आणि आता धाकट्या मंडळींची तयारी करून घेतो. त्या अनुभवावरून सांगतो, की खरी अडचण शब्द कमी पडण्यापेक्षा मांडणीच्या क्रमाची असते.

आपण घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो. या दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि बोलतानाही आपण आधी कारणे सांगत सांगत निष्कर्षापर्यंत पोहोचतो. इंग्रजीत क्रियापद कर्त्यानंतर लगेच येते आणि सेमिनार ऐकणाऱ्यालाही मुख्य विधान सुरुवातीलाच हवे असते. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने, असल्यामुळे कास्टिंगमधले (ओतून बनवलेल्या वस्तूंमधले) दोष हा विषय आपल्याकडची मुले आवडीने घेतात, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘साच्याच्या वाळूत ओलावा जास्त होता, वितळलेला धातू ओतल्यावर त्याची वाफ झाली, ती बाहेर पडू शकली नाही, म्हणून कास्टिंगमध्ये पोकळ्या राहिल्या.’ याच क्रमाने इंग्रजी वाक्य रचायला गेले, की तिसऱ्या तुकड्यापर्यंत काळ चुकतो आणि कर्ता हरवतो. त्याऐवजी ‘द कास्टिंग हॅड ब्लोहोल्स’ हे छोटे वाक्य बोलून थांबावे. मग ‘द सँड वॉज टू वेट’ म्हणावे आणि वाफेचे कारण तिसऱ्या स्वतंत्र वाक्यात सांगावे. परीक्षकाला दोष कोणता हे पहिल्याच वाक्यात कळते आणि बोलणाऱ्याला प्रत्येक पूर्णविरामापाशी श्वास घेता येतो.

संपूर्ण भाषण पाठ करण्याच्या मी ठाम विरोधात आहे. मिनिटाला साधारण 120 शब्द धरले तरी दहा मिनिटांचे 1200 शब्द होतात, आणि त्यातला एक निसटला की पुढची साखळीच तुटते. सुरुवातीची दोन वाक्ये तेवढी अक्षरशः पाठ असावीत, कारण घबराट तेव्हाच सर्वाधिक असते. त्यानंतर प्रत्येक स्लाइडचे फक्त पहिले वाक्य कागदावर लिहून ठेवावे. तत्पूर्वी तोच विषय घरातल्या कोणाला तरी मराठीत समजावून सांगावा. मराठीत सांगतानाच अडखळत असाल, तर आधी विषयाकडे परत जावे, कारण तिथली उणीव इंग्रजीची नसते.

उच्चारांबाबत मुलांना विनाकारण धास्ती वाटते. आपला मराठी वळणाचा उच्चार समजायला मुळीच अवघड नसतो. गोंधळ होतो तो आघातामुळे. मराठीत आपण सगळी अक्षरे जवळपास सारख्याच जोराने उच्चारतो, तर इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर जोर पडतो आणि शब्दाचे रूप बदलले की तो जोर कित्येकदा जागाही बदलतो. ‘इंडस्ट्री’मध्ये आघात पहिल्या भागावर येतो, ‘इंडस्ट्रियल’मध्ये तो दुसऱ्यावर जातो. सेमिनारमध्ये वारंवार येणारे वीस-पंचवीस शब्द निवडून, ध्वनी असलेल्या शब्दकोशात ऐकून, आघाताच्या भागाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. शिवाय ‘वेट’चा उच्चार करताना ओठ गोल करावेत आणि ‘व्हॉल्व्ह’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत. माझ्या मते एवढा सराव पुरेसा आहे.

प्रश्नोत्तरांची तयारी मात्र जवळजवळ कोणीच करत नाही, आणि सेमिनार ढासळतो तो तिथेच. प्रश्न नीट ऐकू आला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ असे विचारण्यात कोणताही कमीपणा नाही. प्रश्न कळला असेल, तर ‘यू आर आस्किंग व्हाय…’ अशी सुरुवात करून तो आपल्या शब्दांत परत मांडावा. त्यामुळे विचार करायला काही क्षण मिळतात आणि समजण्यात चूक झाली असेल तर परीक्षक तिथेच दुरुस्त करतात. सरावाला एखाद्या मित्राला समोर बसवून त्याला वाटेल ते प्रश्न विचारायला सांगावे, आणि तो मित्र शक्यतो दुसऱ्या शाखेचा असावा, कारण आपण गृहीत धरलेल्या गोष्टी नेमक्या त्यालाच खटकतात.