टिक् करणारी तार आणि रोलर नट

ट्रेमोलोचा (तारा क्षणभर सैल करणारा) दांडा दाबून सोडला की माझ्या स्ट्रॅटची, म्हणजे फेंडरच्या इलेक्ट्रिक गिटारची, तिसरी तार हटकून सुरापेक्षा चढायची, आणि बोटाने तार ओढून बेंड घेतला की उतरायची. महिनाभर ट्यूनर्सना (तार ताणणाऱ्या खुंट्यांना) शिव्या घातल्या. मग एकदा तार लावताना नटापाशी (मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) बारीक ‘टिक्’ ऐकू आलं. म्हणजे तार खाचेत अडकत होती! पेन्सिलीचं शिसं घासलं. चार दिवस बरं, पुन्हा तेच.

शेवटी फेंडरचा एलएसआर रोलर नट मागवला. यात प्रत्येक तार दोन पोलादी गोळ्यांवर टेकते. जुना नट कडेच्या लॅकरवर ब्लेड फिरवून, लाकडी ठोकळ्याने हलके ठोकून काढला. नव्याला मानेतली बसायची खाच जास्त रुंद लागते. इथे घाई नको: कानशीचे चार हात, बसवून बघायचं, पुन्हा चार हात. तरी मी जरा खोलच गेलो. मग पातळ पट्ट्या खाली घालून उंची सावरली. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या कडांच्या) मध्ये तार दाबली की पहिल्या फ्रेटवर जेमतेम कागद सरकेल एवढी फट ठेवली. हेडस्टॉकवरचे (खुंट्या असलेल्या टोकावरचे) स्ट्रिंग ट्री, म्हणजे तारा खाली दाबून धरणारे आकडे, तेही काढले, कारण तार तिथेही घासते. (माझ्या ट्यूनर्सचे खांब पुढे पुढे बुटके होत जातात, त्यामुळे तारा तशाही नटावर दाबून बसतात, म्हणून ते चाललं.)

आता दांडा दाबून सोडला की तार मुकाट जागेवर येते. मोकळ्या तारांचा आवाज मात्र थोडा कडक झालाय. मला आवडतो, धाकट्या भावाला नाही.