गोठ्यातलं बीव्हीडीचं कायम बाधित जनावर कसं शोधायचं

गाई वारंवार उलटतात (रेतन करूनही गाभण राहत नाहीत), मधल्या महिन्यांत एखादी गाभडते, वासरांची हगवण औषधानं थांबते नि आठवड्यानं परत सुरू होते. ब्रुसेलाच्या (गाई गाभडवणाऱ्या जंतूच्या) तपासणीत काही निघालेलं नाही. अशा गोठ्यात बीव्हीडीचा (बोव्हाइन व्हायरल डायरिया, गुरांचा विषाणूजन्य रोग) संशय घ्या.

गाय गाभण राहिल्यापासून साधारण 40 ते 120 दिवसांच्या काळात हा विषाणू लागला, तर पोटातलं वासरू त्याला परका मानतच नाही. ते जगलं तर जन्मभर नाकातून, लाळेतून, शेणा-मुतातून विषाणू सोडत राहतं. हेच ‘कायम बाधित’ जनावर. अशी काही वासरं खुरटी असतात, काही मात्र चांगली तुकतुकीत. नजरेवर विसंबू नका. अँटिबॉडीची (विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेल्या प्रथिनांची) तपासणीही फसवते, कारण या जनावरांत त्या बहुधा नसतातच. थेट विषाणूच शोधणारी तपासणी, म्हणजे अँटिजेन एलायझा किंवा पीसीआर मागा.

सुरुवात सगळ्या वासरांपासून करा. वासरू निगेटिव्ह, म्हणजे त्याची आई कायम बाधित नाही. बराच खर्च इथेच वाचतो. वासरू पॉझिटिव्ह निघालं तर आईही तपासा. मग वळू, कालवडी आणि ज्यांचं वासरू गोठ्यात नाही अशा गाई.

नमुना डॉक्टरांकडूनच घ्या. कानाच्या कडेचा सुमारे 1 सेंटीमीटर तुकडा, प्रत्येकाचा वेगळ्या कोरड्या नळीत, बिल्ला क्रमांकासह. दोन जनावरांच्या मध्ये नॉचर (कानाचा तुकडा कापायचं हत्यार) धुऊन निर्जंतुक केला नाही, तर आधीच्याचा अंश पुढच्याच्या नळीत जातो आणि निरोगी जनावर पॉझिटिव्ह दिसतं. लहान वासरांचं रक्त नको: चिकातल्या अँटिबॉडी पहिले सुमारे तीन महिने विषाणू झाकून ठेवतात, कानाच्या तुकड्यात ही अडचण फार कमी. एलायझासाठी तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकू नका. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात नमुने गाडीच्या डिकीत ठेवू नका, बर्फाच्या डब्यातूनच न्या. नमुना कुठे, कशात पाठवायचा हे डॉक्टरांमार्फत आधी ठरवा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येईल.

पॉझिटिव्ह जनावर लगेच वेगळं बांधा आणि किमान तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. तात्पुरता संसर्ग असेल तर तोवर सरतो. परत पॉझिटिव्ह आलं तर ते कायम बाधित. औषधानं किंवा लशीनं ते बरं होत नाही. ते बाजारात विकू नका, दुसऱ्याचा गोठा बुडेल. आपल्या राज्यात गाय-बैल कापायला बंदी आहे, तेव्हा उपाय एकच: गाभण गाईंपासून लांब वेगळा गोठा, वेगळी बादली, वेगळी सुई, आणि त्याचं काम सगळ्यांच्या शेवटी. कालवड असेल तर तिला रेतन करू नका. तिची वासरंही कायम बाधितच जन्मतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती विकत आणलेल्या गाभण गाईबाबत. ती स्वतः निगेटिव्ह असली तरी पोटातलं वासरू बाधित असू शकतं. तिला आणल्यापासूनच वेगळं ठेवा, वेगळ्या जागीच विऊ द्या आणि वासराचा अहवाल येईपर्यंत दोघांनाही कळपात आणू नका. आधीच्या गाभण गाईंच्या पोटातही अशी वासरं असू शकतात, म्हणून शेवटचं बाधित जनावर वेगळं केल्यापासून बारा महिने जन्मणाऱ्या प्रत्येक वासराचा कान तपासत राहा.