मोरीतल्या माश्या पुन्हा पुन्हा येतात? या चुका टाळा

न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा बेसिनच्या आरशाच्या कडेला २ ते ५ मिलिमीटर लांबीची, करड्या रंगाची, पंख छपरासारखे अंगावर मिटून निश्चल बसलेली माशी दिसते, तेव्हा तिचा उगम बहुधा त्याच खोलीतल्या एखाद्या पाइपमध्ये असतो. नीट पाहिल्यास तिच्या अंगावर आणि पंखांवर दाट केस दिसतात, म्हणूनच ती माशीपेक्षा एखाद्या लहानशा पतंगासारखी भासते. चिरडली की बोटाला करडी भुकटी लागते. ती चावत नाही. तरीही ती घाणीतून उठून येते, अंगावर जंतू वागवते आणि तिच्या मेलेल्या शरीराचे बारीक कण श्वासावाटे गेल्यास काही जणांचा दमा बळावू शकतो, त्यामुळे तिच्याकडे काणाडोळा करणे बरे नाही.

फवाऱ्यावर विसंबणे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. भिंतीवर बसलेल्या माश्यांवर कीटकनाशक फवारले की त्या पटापट पडतात आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या माश्या वाढ पूर्ण झालेल्या असतात आणि फवारले नसते तरी साधारण दोन आठवड्यांत मरणारच असतात. पुढची पिढी पाइपच्या आत असते. मादी पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरावर ३० ते १०० अंडी घालते. उबदार हवेत ती सुमारे दोन दिवसांत फुटतात, अळ्या ९ ते १५ दिवस त्याच थरातली शेवाळे, बुरशी आणि कुजका मळ खातात, मग एक-दोन दिवस कोषात राहून माशी होऊन बाहेर पडतात. म्हणजे आज भिंत स्वच्छ केली तरी थर शाबूत असेल तर नव्या माश्या येतच राहतील. बंद खोलीत वारंवार विषारी फवारा मारण्याने घरातल्या माणसांना मात्र त्रास होतो. मोरीच्या माश्यांसाठी फवारा हातात घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उकळते पाणी, ब्लीच आणि ॲसिड

साबणाचा अंश, केस, त्वचेचे कण, तेलकटपणा आणि त्यावर वाढणारे जिवाणू यांचा मिळून पाइपच्या आतल्या बाजूला एक चिकट लेप तयार होतो. अळ्या त्यात रुतलेल्या असतात आणि शेपटीकडच्या बारीक नळीने हवा घेतात. वरून ओतलेले पाणी किंवा ब्लीच पाइपच्या खालच्या बाजूने काही सेकंदांत निघून जाते, वरच्या बाजूच्या लेपाला ते पुरेसे लागतही नाही, आणि लागले तरी आत मुरत नाही. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वरचे पाणी वारंवार ओतल्यास साध्या पीव्हीसी पाइपचे सांधे सैल होण्याची भीती असते. त्यातून गळती सुरू झाली तर माश्यांना आणखी एक ओली जागा मिळते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे एकाने भागले नाही म्हणून दुसरे ओतणे. ब्लीच आणि ॲसिडयुक्त टॉयलेट क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि लहानशा न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. ही दोन्ही द्रव्ये एका दिवशी, एका मोरीत कधीही वापरू नयेत.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस धोकादायक नाही, पण उपयोगीही फारसा नाही, कारण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात.

नेमकी जागा न शोधणे

माश्या बेसिनजवळ दिसतात म्हणून बेसिनच दोषी असेल असे नाही. संशय असलेल्या प्रत्येक तोंडाभोवतीची जागा रात्री कोरडी करून त्यावर चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावावी. तोंड पूर्ण झाकू नये, हवेला थोडी फट ठेवावी. पट्टी तीन-चार रात्री लावून पाहावी, कारण माश्या रोजच बाहेर पडतात असे नाही. ज्या पट्टीवर माश्या चिकटल्या, ती मोरी दोषी. कोणत्याच पट्टीवर काही न मिळाल्यास फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, एसीच्या पाण्याची नळी, कुंड्यांखालच्या बशा, वॉशिंग मशीनचा आउटलेट आणि ओला राहणारा पोछा पाहावा.

याच टप्प्यावर माशीची ओळखही पक्की करावी. लालसर डोळ्यांची, पिकलेल्या फळांभोवती घिरट्या घालणारी माशी वेगळी. कुंडीतल्या ओल्या मातीतून उठणारे काळसर, लांब पायांचे चिलट वेगळे. पाठीला कुबड असलेली आणि उडण्याआधी भराभर पळणारी माशी दिसली तर ती फुटलेल्या मलवाहिनीची खूण असू शकते. मोरीतल्या माशीच्या कुळातलीच वाळूमाशी मात्र चावते व रोग पसरवते. ती बसताना पंख छपरासारखे न मिटता वर उभे धरते.

फक्त जाळी घासणे

जाळी चकचकीत करून काम संपत नाही, कारण थर जाळीच्या खाली सुरू होतो. हातमोजे घालून जाळी काढावी, तिची खालची बाजू पाहावी, मग लांब दांड्याचा, पाइपच्या रुंदीचा ताठ ब्रश आत घालून वर-खाली आणि गोल फिरवत घासावे. पहिल्या फेरीत काळसर, केसाळ लगदा ब्रशला चिकटून येतो. त्यात करड्या-पांढुरक्या, आडव्या गडद पट्ट्या असलेल्या, सेंटीमीटरभर लांबीपर्यंतच्या अळ्या वळवळताना दिसल्या तर जागा बरोबर सापडली असे समजावे. तो लगदा परत पाइपमध्ये न ढकलता कागदात गुंडाळून टाकावा. बेसिनखालच्या ट्रॅपखाली (पाइपमधला पाणी साचून राहणारा भाग) बादली ठेवून त्याची वाटी उघडावी आणि ती वेगळी घासावी. बेसिनच्या वरच्या काठाजवळ जादा पाणी जाण्यासाठी जे छिद्र असते, ते तर जवळजवळ सगळेच विसरतात; बाटली धुण्याचा बारीक ब्रश तिथे उपयोगी पडतो.

घासल्यानंतर एन्झाइम किंवा जिवाणूयुक्त जेल रात्री ओतावे आणि सकाळपर्यंत पाणी सोडू नये. पाइपवर उरलेला थर ते हळूहळू खाते. या काळात ब्लीच ओतले तर जेलमधले जिवाणू मरतात आणि सगळा खर्च वाया जातो. ज्या मोरीत आधी कॉस्टिकची पावडर टाकली आहे, तिथे लगेच ब्रश घालू नये. डोळ्यांत शिंतोडे उडू शकतात.

ट्रॅपमधली वाटी काढून ठेवणे

काही फरशीच्या ट्रॅपमध्ये जाळीखाली उपडी वाटी असते. पाणी लवकर जावे म्हणून ती काढून ठेवण्याची सवय आहे, पण पाणी अडवून खालची हवा आणि कीटक रोखण्याचे काम तीच करते. वाटी घासून परत बसवावी. पाहुण्यांच्या खोलीतली, फारशी न वापरलेली मोरी हीही तशीच: ट्रॅपमधले पाणी वाळले की गटाराकडची वाट मोकळी होते. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे. घर महिनाभर बंद राहणार असेल तर वर दोन चमचे तेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर उडून जात नाही.

चार दिवसांत धीर सोडणे

घासल्याच्या तिसऱ्या दिवशी माशी दिसली की उपाय फसला असे वाटते. तसे नसते, आधीच बाहेर आलेल्या माश्या आणि कोषातून निघणाऱ्या मोजक्या माश्या काही दिवस दिसणारच. दर तीन-चार दिवसांनी ब्रश आणि जेलचा क्रम सुरू ठेवून तीन आठवडे वाट पाहावी आणि मधूनमधून चिकटपट्टी लावून संख्या घटते आहे का ते तपासावे. तीन आठवड्यांनीही ती घटत नसेल, फरशीचा एखादा सांधा कायम ओला राहत असेल किंवा भिंतीच्या तळाशी वास येत असेल, तर पाइप फरशीखाली फुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी जेलची आणखी बाटली आणण्याऐवजी प्लंबरला बोलावून कॅमेऱ्याने पाइप तपासून घ्यावा, आणि फुटलेला भाग बदलताना भोवतालची भिजलेली मातीही काढायला सांगावे, कारण अळ्या त्या मातीतही वाढतात.