लिलीचा कंद की ताम्हण: कोल्हापूरच्या अंगणासाठी निवड आणि लागवड

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आगेमागे कोल्हापुरातील अंगणांत रंग भरणाऱ्या वनस्पतींपैकी दोघींची तुलना येथे करावयाची आहे. एक आहे रोपवाटिकेत ‘अमरिलिस’ या नावाने मिळणारी, कर्ण्याच्या आकाराच्या मोठ्या लाल फुलांची लिली. ती कंदातून वर येते. दुसरा आहे ताम्हण, म्हणजेच जारूळ, ज्याचे जांभळे फूल महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. दोन्हींचा बहर वसंतात सुरू होत असला, तरी त्यांची पाण्याची आणि जागेची गणिते अगदी उलट आहेत. म्हणून निवड करताना फुलाचा रंग सर्वांत शेवटी पाहावा आणि आपल्या अंगणात पावसाचे पाणी किती काळ साचते, हे सर्वांत आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वसंतातील कंद म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे ट्यूलिप येतो, तो विचार आधीच सोडून द्यावा. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी साधारण १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते, आणि ती ९ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली असावी लागते. श्रीनगरला ती निसर्गतः मिळते. कोल्हापूरची थंडी मात्र पहाटेपुरती असते आणि जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या घरात जातो. मीही एकदा हौसेने कंद मागवून ते फ्रिजमध्ये ठेवले होते. पहिल्या वर्षी आखूड दांड्यावर कशीबशी फुले आली आणि पुढच्या वर्षी नुसती पाने. ‘दरवर्षी फुलेल’ असे विकणाऱ्याने सांगितले होते, पण त्याने कोल्हापूरचा उन्हाळा पाहिलेला नसावा.

अमरिलिसला अशा थंडीची गरज नसते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही खरी अमरिलिस नव्हे. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली हिपिअ‍ॅस्ट्रम होय, परंतु बाजारात जुनेच नाव रूढ आहे. तिला थंडीऐवजी कोरडी विश्रांती लागते. कंद निवडताना तो हातात घट्ट आणि जड लागला पाहिजे, तळाशी मऊ डाग नसावा, आणि शक्य तितका मोठा घ्यावा, कारण मोठ्या कंदातून पुष्कळदा दोन दांडे निघतात. लागवड माघाच्या सुमारास करावी. कुंडी कंदापेक्षा फार मोठी नको. कंदाच्या भोवती दोन बोटे जागा उरली तरी पुरते. तांबडी माती, चांगले कुजलेले खत आणि जाड वाळू समप्रमाणात मिसळावी, आणि कंदाची मान व वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर राहील अशा बेताने तो बसवावा. कांदा पुरतात तसा तो पूर्ण पुरला, तर मानेत पाणी साचून सड सुरू होते. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि कळीचे टोक दिसेपर्यंत हात आखडता ठेवावा. साधारण सहा ते आठ आठवड्यांत दांडा फुलतो. हा दांडा आतून पोकळ असतो, त्यामुळे वळिवाच्या वाऱ्यात तो मोडतो; एक बारीक काठी आधीच रोवून ठेवावी.

फुले सुकल्यावर दांडा कापावा, पाने मात्र कापू नयेत. पुढच्या वर्षीचे फूल याच पानांनी साठवलेल्या अन्नावर येत असते. पावसाळ्यात पाने जोमात असताना महिन्यातून एकदा खत द्यावे आणि काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या अळीवर नजर ठेवावी. ती दोन-तीन दिवसांत पानांचा फडशा पाडते, म्हणून सकाळी हाताने वेचून काढणे हाच उत्तम उपाय होय. मुख्य चूक होते ती दिवाळीनंतर. या काळात आठ ते दहा आठवडे पाणी पूर्ण बंद करून कुंडी पडवीत सरकवावी लागते, पण आपल्याकडे संध्याकाळी रबरी पाइप हातात आला की एकही कुंडी कोरडी राहत नाही. ‘पाने भरपूर, फूल नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते. घरात कुत्रे किंवा मांजर असल्यास हेही ध्यानात ठेवावे, की या कंदात विषारी द्रव्ये असतात आणि तो चावला गेल्यास जनावराला उलट्या होतात.

ताम्हणाची गोष्ट वेगळी आहे. तो मेंदी आणि डाळिंबाच्या कुळातला, मूळचा ओढ्यानाल्यांच्या काठचा वृक्ष आहे, त्यामुळे पाणी धरून ठेवणारी काळी जमीन त्याला मानवते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी ज्या भागांत शिरले, तेथील अंगणात जमिनीत लावलेला कंद कुजण्याचीच शक्यता अधिक. मुळे धरलेला ताम्हण मात्र असे पाणी बऱ्यापैकी सोसतो. उलट पन्हाळ्याच्या बाजूच्या तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात त्याला आठवड्यातून किमान दोनदा पाणी द्यावे लागते.

अडचण आहे ती जागेची. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर घर बांधून उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात वीसपंचवीस फूट पसरणारा वृक्ष बसत नाही. भिंत, पाण्याची टाकी आणि शौचालयाची टाकी यांपासून निदान १२ ते १५ फूट अंतर ठेवता येत नसेल, किंवा डोक्यावर विजेच्या तारा असतील, तर ताम्हणाचा आग्रह धरू नये. महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासाठीही परवानगी घ्यावी लागते, तेव्हा ‘आधी लावू, मग पाहू’ हा विचार येथे चालत नाही.

जागा असल्यास मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून तो उन्हात तापू द्यावा. भरताना वरची माती, कुजलेले खत आणि निंबोळी पेंड वापरावी. शेणखत अर्धवट कुजलेले असल्यास त्यातून हुमणी येते आणि ती कोवळी मुळे खाते, हे ऊस करणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. साखर कारखान्याच्या मळीचे कंपोस्ट मिळाले तर उत्तमच. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर तीन-चार फुटांचे रोप लावावे, त्याला काठीचा आधार द्यावा आणि पावसाळा सरताच आळ्यात उसाचे पाचट अंथरावे, म्हणजे ओल टिकते. मात्र पाचट बुंध्याला भिडवू नये, अन्यथा वाळवी लागते. फुलासाठी काही वर्षे थांबावे लागते. फुलोरा नव्या फुटीच्या टोकाला येतो, म्हणून छाटणी करावयाची असल्यास ती पानगळीनंतर, नवी पालवी फुटण्यापूर्वी करावी. चैत्रात फांद्या उतरवून नंतर फुलांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

भाड्याच्या घरात, गच्चीवर किंवा अरुंद अंगणात राहणाऱ्याने विचार न करता कंद घ्यावा. त्याची फुले जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतात, पण कुंडी उचलून नव्या घरी नेता येते, आणि कंदाच्या बगलेला फुटणारी पिल्ले वेगळी लावली तर दोन-तीन वर्षांत तीही फुलू लागतात. ताम्हणाचा बहर वैशाखातील वळीव सोसत महिनाभराहून अधिक काळ चालतो, आणि उन्हाळ्यात अंगणात सावली पडते ती वेगळीच.

दोन्ही हवे असल्यास तेही जमते. हिवाळ्याच्या अखेरीस ताम्हण पाने गाळतो, आणि नेमक्या त्याच सुमारास जागा होणाऱ्या कंदाला त्याच्याखाली ऊन मिळते. पुढे उन्हे कडक होतात तेव्हा वर पालवी आलेली असते. फक्त हे कंद झाडाच्या आळ्यात लावू नयेत, कारण झाडाला दिलेल्या पाण्याने त्यांची कोरडी विश्रांती मोडते. आळ्याबाहेर, फांद्यांच्या टोकाखाली सहा-सात इंच उंचीचा गादीवाफा करून तेथे ते लावावेत, किंवा कुंड्या तशाच तेथे मांडाव्यात आणि दिवाळीनंतर पडवीत हलवाव्यात.