राउटर बंद करून बघा: विकत घेतलेलं डिजिटल सामान स्वतःकडे कसं ठेवावं

राउटर बंद करा. कॉम्प्युटर, कन्सोल, टॅबलेट सगळं एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. आता गेल्या काही वर्षांत पैसे मोजून घेतलेली एकेक गोष्ट उघडायला घ्या: गेम, अल्बम, पुस्तक, सिनेमा. कागदावर तीन रकाने आखा. सरळ उघडलं ते पहिल्यात. ‘ऑफलाइन मोड’मुळे उघडलं ते दुसऱ्यात, कारण ती सवलत दुकानाच्या ॲपनं दिलेली असते आणि ते ॲप कधी ना कधी पुन्हा लॉगिन मागतंच. उघडलंच नाही ते तिसऱ्यात. माझ्या मते पहिल्या रकान्यात जे आलं तेवढंच तुमचं. बाकीचं तुम्हाला वापरायला दिलेलं आहे.

हे टोकाचं वाटेल, पण मी हे हवेत बोलत नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’च्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. ज्यानं त्या विकायला ठेवल्या त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीनं माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्यानं त्या पुस्तकावर केलेल्या नोंदी मजकूरच गेल्यामुळे निकामी झाल्या आणि तो कोर्टात गेला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. जुलैपासून विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले. पैसे परत मिळणं आणि पुस्तक कपाटात असणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे वाचणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि एकट्यानं खेळायचा भागसुद्धा त्यांच्यासोबत गेला. त्यानंतर कॅलिफोर्नियात कायदा आला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे, ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट न सांगता, अशा मालावर ‘खरेदी करा’ असं लिहिता येत नाही. कायद्यानं वस्तू आपल्या हातात आली नाही, पण निदान पाटी खरी झाली.

आता कामाला लागू. सुरुवात गाण्यांपासून करा, कारण तिथे सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त पदरात पडतं.

घरात ऑडिओ सीडी असतील तर त्या फेकू नका. ऑडिओ सीडीच्या मूळ स्वरूपात कॉपी अडवणारं डिजिटल कुलूप नसतं. यूएसबीला जोडायचा साधा डिस्क ड्राइव्ह घ्या. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचा प्रोग्रॅम वापरा, तो सिक्युअर मोडमध्ये ठेवा आणि फाइल फ्लॅकमध्ये बनवा. एमपी३ नको. फ्लॅकमध्ये मूळ आवाजातला एकही कण गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. एक भरलेली ऑडिओ सीडी साधारण ७५० ते ८५० एमबीची असते, म्हणजे मोठा संग्रहसुद्धा आजच्या एका डिस्कवर आरामात मावतो. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये फरक लगेच कळतो. तिथे दोन ट्रॅक एकमेकांना चिकटलेले असतात. एमपी३ बनवताना सांध्यावर किंचित शांतता घुसण्याची शक्यता असते, फ्लॅकमध्ये तान अखंड राहते.

तो प्रोग्रॅम तुमच्या कॉपीचा आकडा (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला, पडताळणीसाठीचा) जगभरातल्या लोकांच्या कॉपीशी ताडून बघतो. माझ्या आईच्या संग्रहातल्या बऱ्याच सीडी त्या यादीत नाहीतच. तुमच्याकडेही मराठी सीडी असतील तर हेच होऊ शकतं. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडा. डिस्क दोनदा वाचली जाते आणि दोन्ही वेळचे पडताळणीचे आकडे (सीआरसी) शेजारीशेजारी दिसतात. ते जुळले तर कॉपी चांगली. नाही जुळले तर डिस्क मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा (गोल गोल नको) आणि पुन्हा लावा.

नावं हातानंच टाइप करावी लागतील. इथे एक बारीक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे शोध नेमका गरजेच्या वेळी फसतो. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: एक अखंड अक्षर म्हणून, दुसरा ‘अ’ला चंद्र लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. एक कीबोर्ड ठरवा आणि सगळा संग्रह त्यावरच टाइप करा. फोल्डर साधे ठेवा: गायक, त्यात अल्बम, त्यात दोन आकडी क्रमांकानं सुरू होणारी गाणी.

पुस्तकांचं थोडक्यात. विकत घेताना ‘डीआरएम नाही’, म्हणजे डिजिटल कुलूप नाही, असं लिहिलेली ईपब प्रकारची फाइल घ्या आणि कॅलिबर या पुस्तकं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साठवा. असे प्रकाशक आहेत. टॉर बुक्सनं २०१२ मध्येच आपल्या ई-पुस्तकांची कुलपं काढली. कुलूप असलेली फाइल फोडायचे उपाय मी सांगणार नाही. त्याबाबतचा कायदा देशागणिक वेगळा आहे, आणि जो प्रकाशक वाचकावर विश्वास टाकतो त्याच्याकडेच पैसे जावेत असं मला मनापासून वाटतं.

गेमचा विषय मोठा आहे. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर एखादा गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात मिळतो का, हे आधी बघा. तिथे ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ उतरवून घेता येतो. पण फक्त लायब्ररीत गेम दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका; तो इन्स्टॉलर खरोखर उतरवा. मोठ्या गेमचे तुकडे असतात: एक सेटअप फाइल आणि तिच्यासोबत अनेक बिन फाइली. त्यातली एक जरी राहिली तरी इन्स्टॉल अर्ध्यावर थांबतं. ॲड-ऑन वेगळे उतरवावे लागतात. सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, मग नेट नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करून निदान पहिला टप्पा खेळा. हे केल्याशिवाय तो गेम पहिल्या रकान्यात लिहू नका.

आणि सेव्ह फाइली! गेम पुन्हा मिळेल, पण भावानं आणि मी मिळून उभं केलेलं शहर पुन्हा मिळणार नाही. काही गेम सेव्ह ‘डॉक्युमेंट्स’मध्ये टाकतात, काही ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये, तर बरेचसे ‘ॲपडेटा’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये. कुठला गेम कुठे ठेवतो याची माहिती पीसीगेमिंगविकी या साइटवर असते. ते फोल्डर बॅकअपच्या यादीत घाला. क्लाउड सेव्हवर भिस्त ठेवू नका, कारण इथली बिघडलेली फाइल तिथेही तशीच जाऊन बसते.

कन्सोल घेताना माझा आग्रह एकच: डिस्क ड्राइव्ह असलेला घ्या. डिस्क उसनी देता येते, विकता येते, दुकान बंद झालं तरी चालते. निन्टेन्डोनं थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ ला थांबवली. त्यानंतर तिथे काहीही नवं विकत घेता येत नाही, पण आधीच्या कार्ट्रिज आणि डिस्क चालतात. मात्र खोका हातात आला म्हणजे गेम हातात आला असं आता राहिलेलं नाही. स्विच २ साठी ‘गेम-की कार्ड’ निघाली आहेत. त्या कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते; गेम डाउनलोडच करावा लागतो. खोक्याच्या पुढच्या बाजूला तसं छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या. जुन्या कार्ट्रिज असतील तर आणखी एक: त्यातल्या बऱ्याचशांमध्ये सेव्ह टिकवायला बटण-सेल असतो. तो संपला की सेव्ह गेला, आणि सेल बदलायला काढला तरी गेला. म्हणून कार्ट्रिज रीडरनं सेव्ह आधी कॉम्प्युटरवर घ्या, मगच सोल्डरिंग आयर्न हातात धरा.

आता हे सगळं ठेवायचं कुठे? नवं यंत्र लागत नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नसलेली कितीतरी धडधाकट यंत्रं एका दिवसात जुनी ठरली. त्यातलंच एक घ्या, तोच तुमचा घरचा सर्व्हर. त्यावर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका आणि वर जेलीफिन बसवा. जेलीफिन हा तुमची गाणी-सिनेमे घरातल्या इतर उपकरणांवर पोहोचवणारा मुक्त प्रोग्रॅम आहे, २०१८ मध्ये एम्बी नावाच्या तशाच प्रोग्रॅमपासून वेगळा झालेला. खातं तुमच्या घरातच बनतं, बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही. टीव्ही, फोन, टॅबलेट सगळे घरच्या वायफायवरून त्याला जोडतात, आणि इंटरनेट गेलं तरी राउटर चालू असला की गाणी चालू राहतात.

पैसे खर्च करायचे ते डिस्कवर आणि चांगल्या पॉवर सप्लायवर. खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घेतलं तर गेम थोडा कमी देखणा दिसेल, बाकी काही बिघडत नाही. स्वस्तातला पॉवर सप्लाय जळताना सोबत डिस्कही नेऊ शकतो. हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर (ट्रॅक सुटे लिहिणारी) आहे की एसएमआर हे कंपनीच्या तपशीलपत्रकात बघा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं आणि डिस्क रांगायला लागते. एकदा भरून ठेवायच्या बॅकअपला ती चालेल, सर्व्हरमध्ये नको. आणि एसएसडी भरून कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नका. वीज नसताना तिच्यातला चार्ज हळूहळू गळतो. आयुष्य संपत आलेल्या साध्या एसएसडीनं बंद अवस्थेत ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा धरावा, एवढीच जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे.

बॅकअपचा नियम छायाचित्रकारांनी रूढ केलेलाच वापरा, ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. माझ्याकडे एक प्रत सर्व्हरवर आहे, एक कपाटातल्या डिस्कवर, आणि एक भावाच्या घरी. दोन डिस्क रेडमध्ये (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जाईल अशा) जोडल्या म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते. बाहेरची डिस्क विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे वापरायची असेल तर ती एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

कॉपी झाली की प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा काढून त्याची यादी डिस्कवरच ठेवा. काही महिन्यांनी तीच यादी पुन्हा तपासायला लावली की कुठली फाइल आतून किडली ते लगेच समजतं, आणि दुसऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते. त्याच वेळी डिस्क विंडोजला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्रॅम उघडा आणि ‘पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या तुकड्यांचा, आकडा बघा. तो शून्याच्या वर गेला की मी डिस्कवर आणखी भरवसा ठेवत नाही, त्याच दिवशी नवी मागवते.

एकदाच बघायचा सिनेमा मी भाड्यानंच घेते, आणि केवळ ऑनलाइन चालणारा गेम एक दिवस जाणार हे धरूनच त्यावर पैसे घालते. त्यात वाईट काही नाही, भाडं आहे हे आधी माहीत असलं म्हणजे झालं.

शेवटचं काम कागदावरचं. सर्व्हरचा पासवर्ड, कुठली डिस्क कुठे आहे, ती कशी उघडायची आणि यंत्र नीट बंद कसं करायचं हे एका पानावर लिहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते वाचून डिस्क उघडायला सांगा. त्यांना जिथे अडेल तिथे कागदावर एक ओळ वाढवा. स्टीमसारख्या गेमच्या ऑनलाइन दुकानांची खाती नियमानुसार दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. ही डिस्क मात्र हातोहात देता येते.