उलटा ई आणि तंबोऱ्यातला गंधार

एम.ए.च्या पहिल्या सेमिस्टरला तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला 'काही गवई कोकणातले आहेत' हे वाक्य चिन्हांत मांडायला दिलं होतं. मी जे लिहिलं त्याचा अर्थ असा होत होता: अशी एक तरी गोष्ट आहे, जी गवई असेल तर कोकणातली असेल. सरांनी त्याला लाल गोल केला आणि समासात एकच शब्द लिहिला, 'खुर्ची'.

दोन दिवस डोक्यात प्रकाश पडला नाही. मग कळलं. खुर्ची काही गवई नाही, आणि 'असेल तर' मधली अट खोटी असली की तर्कशास्त्र ते आख्खं विधान खरं धरतं. म्हणजे माझं वाक्य खरं ठरायला जगात एकही गवई असायची गरज नव्हती. वर्गातली मोडकी खुर्ची पुरत होती. 'सगळे' आलं की 'असेल तर' लावायचं, 'काही' आलं की 'आणि'. नव्याने शिकणारे बहुतेक जण इथेच घसरतात, तेव्हा हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. याचीच दुसरी बाजू म्हणजे, 'या वाड्यातली सगळी भुतं पांढऱ्या साडीत असतात' हे वाक्य भुतं नसलेल्या वाड्याबद्दल खरंच ठरतं. हे मी आजीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "साडी बघितलीस का तू?"

मराठीत विचार करणाऱ्याला आणखी एक चकवा लागतो. 'गणपतराव उंच आहेत' आणि फोनवर विचारतो ते 'गणपतराव आहेत का?' या दोन्हींत 'आहेत' तेच. त्यामुळे असणं हाही उंचीसारखा एक गुण आहे असं वाटत राहतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1781 मध्येच याला नकार दिला होता. गणिती-तत्त्वज्ञ फ्रेगेच्या 1879 च्या तर्कशास्त्रापासून मांडणीच बदलली: असणं हे वस्तूबद्दल बोलणं नाही, वर्णनाबद्दल बोलणं आहे. या वर्णनात बसणारं कोणी सापडतं का, एवढाच प्रश्न. 'असं काही आहे' यासाठी तर्कशास्त्रात जो उलटा काढलेला इंग्रजी ई (∃) लिहितात, तो तेच विचारतो. इंग्रज तत्त्वज्ञ रसेलचा 1905 चा 'ऑन डिनोटिंग' हा निबंध पहिल्या वर्षीच एकदा वाचा. 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' हे वाक्य तो तीन तुकड्यांत फोडतो: असा राजा आहे, एकच आहे, आणि तो टकला आहे. पहिलाच तुकडा खोटा, म्हणून सगळं खोटं. पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून जाईल. जाऊ द्या.

मी तेव्हा ख्यालही शिकत होते, आणि नव्या शहाणपणाच्या भरात राग चिन्हांत बसवायला निघाले. भूप म्हणजे सा, रे, ग, प, ध यांचा संच. झालं! मग देसकार आठवला. त्यातही तेच पाच शुद्ध स्वर. ज्यांचे घटक तेच ते दोन संच एकच, हा संचांचा मूळ नियम. म्हणजे संध्याकाळचा भूप आणि सकाळचा देसकार एकच? गुरुजींना विचारलं तर ते हसले आणि धैवतावर थांबून देसकार सुरू केला. भूप गंधारावर विसावतो, देसकार धैवताभोवती फिरतो. कुठे थांबायचं, कुठून वळायचं, हे यादीत येतच नाही. परीक्षेसाठी वादी-संवादी (रागातले मुख्य आणि त्याखालोखालचे स्वर) आणि वर्ज्य (न लागणारे) स्वर पाठ करावे लागतात, करा; पण तेवढा म्हणजे राग असं समजू नका.

खरा धडा मिळाला तंबोऱ्यातून. चार तारा: पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. गंधाराची तार नाही. तरी गुरुजी म्हणायचे, "ग ऐक." मला सहा महिने काही ऐकू आलं नाही आणि मी मान डोलवत राहिले. (असं करू नका. 'ऐकू येत नाही' म्हणायला लाज कसली?) मग एका संध्याकाळी पेटी बंद होती, लाइट गेले होते, कान दांडीला टेकवला होता, आणि खर्जाच्या वर, दोन सप्तकं पलीकडे, तो होता. याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार एका वेळी अनेक पटींनी कंप पावते; खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा जो स्वर, तोच हा. पेटीचा गंधार याच्यापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून सुरुवातीला पेटी बाजूला ठेवा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरच्या तंबोऱ्यावर समाधान मानू नका.

आता गंधार 'आहे' की नाही? तारा मोजल्या तर नाही, ऐकू येणारे नाद मोजले तर आहे. कशाकशांत शोधायचं ते आवार आधी ठरवावं लागतं. पुस्तकात त्याला डोमेन म्हणतात. अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइनचा 'काय काय आहे' यावरचा 1948 चा निबंध मी त्यानंतर परत उघडला, आणि चल (सूत्रातला 'क्ष') कशाकशावरून फिरतो याचा तो एवढा घोळ का घालतो ते तेव्हा उमगलं.

पोटापाण्याचं विचाराल तर दोन्हीकडे नोकऱ्या थोड्या. मी डेटाबेसवर काम करते. तिथल्या 'नॉट एक्झिस्ट्स'च्या, म्हणजे 'असं काही नाही ना' विचारणाऱ्या, क्वेऱ्या जमल्या त्या त्या लाल गोलामुळे. रियाझ सकाळी, सिद्धता रात्री, असं ठेवलंत तर दोन्ही टिकतं. उलटं माझ्याच्याने कधी झालं नाही.

मागच्या वर्षी तंबोरा जवारीला, म्हणजे घोडी घासून नाद नीट करून घ्यायला, मिरजेत नेला होता. कारागिराने घोडीवरच्या तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि गंधार गेला. मी घाबरून विचारलं, "गेला का?" तो म्हणाला, "जातो कुठं?" आणि दोरा परत मागे घेतला.