क्रूझवरून किनाऱ्यावर उतरताना कॅमेऱ्याच्या या चुका टाळा

पेनांगच्या स्वेटनहॅम धक्क्यावर उतरलं की जॉर्ज टाउनची जुनी वस्ती चालत जाण्याइतकी जवळ. तरी आमच्या ग्रुपची पहिली पंधरा मिनिटं धक्क्यावरच गेली, कारण प्रत्येकाच्या लेन्सवर धुकं. कोणी ओढणीने पुसतंय, कोणी टी-शर्टच्या टोकाने. पुसलं की दहा सेकंदांत पुन्हा तेच. एका काकांनी तर सनस्क्रीन लावलेल्या बोटाने काच पुसली. त्यांचे त्या दिवसाचे सगळे फोटो जुन्या हिंदी सिनेमातल्या स्वप्नदृश्यासारखे आले आहेत.

सिंगापूर, पेनांग, फुकेत ही क्रूझ आपल्याकडचे पुष्कळ जण करतात. बंदरावर मिळतात जेमतेम पाच-सहा तास. त्यात फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा कॅमेरा चालवता येत नाही म्हणून नव्हे, तर खाली उतरण्याआधीच्या चुकांमुळे.

थंड केबिनमधून थेट उन्हात

फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटली ओट्यावर ठेवली की बाहेरून ओली होते ना, तोच हा प्रकार. केबिन असते 21-22 अंशांवर. बाहेर 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 27 अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर बाष्प जमणारच. काच कितीही पुसा, ती गरम होईपर्यंत धुकं जात नाही.

उपाय स्वयंपाकघरातला आहे. केबिनमध्येच कॅमेरा झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि पिशवी बंद करूनच बाहेर पडा. बाष्प जमेल ते पिशवीवर. अर्धा तास तरी उघडू नका. नाश्त्याला उघड्या डेकवर जाणार असाल तर पिशवी सोबत न्या. खाली उतरेपर्यंत कॅमेरा तयार असेल.

इथे फसवते ती एसी बस. धुकं गेलं म्हणून आपण निर्धास्त होतो, कॅमेरा मांडीवर घेऊन एसीच्या झोताखाली बसतो आणि पुढच्या थांब्यावर सगळं पहिल्यापासून. दोन थांब्यांच्या मध्ये कॅमेरा पिशवीतच ठेवा.

धुकं असताना लेन्स बदलू नका, बॅटरीचं झाकणही उघडू नका. लेन्सच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं, तर कॅमेरा बंद करून कोरड्या खोलीत परत येईपर्यंत थांबा. मग बॅटरी-कार्ड काढून तो सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात दिवसभर ठेवा. तांदळाच्या डब्यात घालायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. तांदळाची पूड लेन्सच्या फटींत गेली की एकाचे दोन त्रास.

घड्याळ भारतातलंच

सिंगापूर आणि मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, थायलंड दीड तास. कॅमेऱ्याला हे आपोआप कळत नाही, फोनला कळतं. घरी येऊन दोन्हीकडचे फोटो एकत्र केले की दुपारचं जेवण सकाळच्या देवळाआधी येतं. पहिल्याच दिवशी कॅमेरा जहाजाच्या वेळेवर लावा. विसरलात तर कॅमेऱ्याने फोनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा. फरक किती ते त्यावरून कळतं आणि नंतर सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते.

यातच एक मोठा धोका आहे. फुकेतला जहाजाचं घड्याळ सिंगापूरच्या वेळेवर असेल आणि फोन थाई वेळ दाखवत असेल, तर जहाजाकडे परतणारी शेवटची छोटी बोट तुमच्या समजुतीपेक्षा एक तास आधी सुटते. उतरताना दारावरच वेळ विचारून घ्या.

रात्रभर लावूनही बॅटरी अर्धी

बऱ्याच जहाजांवर दाराजवळच्या खाचेत की-कार्ड घातल्याशिवाय केबिनचे दिवे लागत नाहीत, आणि काही ठिकाणी प्लगही त्यावरच चालतात. चार्जिंगला लावून जेवायला गेलात, कार्ड सोबत नेलं, की चार्जिंग बंद. झोपताना लावा आणि चार्जरचा दिवा पाहून झोपा. सॉकेट बहुतेक अमेरिकन किंवा युरोपीय असतात, आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. अ‍ॅडॉप्टर घरूनच न्या. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, तो जहाजावर चढतानाच काढून घेतात.

‘कार्ड लॉक’ आणि कार्डच नाही

एसडी कार्डच्या कडेला बारीक खटका असतो. कार्ड आतबाहेर करताना तो सरकतो आणि कॅमेरा अडून बसतो. खटका सोनेरी पट्ट्यांच्या टोकाकडे सरकवला की झालं. दुसरा प्रकार जास्त वाईट: कार्ड लॅपटॉपमध्येच राहिलेलं आणि काही कॅमेरे तरीही खुशाल खटाखट आवाज करतात. मेनूत ‘कार्डशिवाय शटर’ असा पर्याय असतो, तो आजच बंद करा.

खारं पाणी, वाळू, माथ्यावरचं ऊन

फुकेतला जहाज पातोंगसमोर समुद्रात नांगरलं तर छोट्या बोटीने किनारा गाठावा लागतो. फांग-ङा उपसागराची सहल घेतली तर लांब शेपटीच्या बोटींत तुषार अंगावर येतातच. खारे थेंब कोरड्या कपड्याने घासू नका, मीठ वाळलं की ओरखडे पडतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने टिपा. वाळू असेल तर आधी ब्लोअर (दाबून हवा मारायचा रबरी फुगा), मग फडकं. छोट्या कॅमेऱ्याची बाहेर आलेली लेन्स वाळूने अडकली, तर ती हाताने आत ढकलू नका. बॅटरी काढा, कडेच्या फटीत ब्लोअर मारा, पुन्हा चालू करून बघा.

पेनांग विषुववृत्तापासून जेमतेम साडेपाच अंशांवर. दुपारचं ऊन थेट डोक्यावर, टोपीखालचा चेहरा काळा. भर उन्हातही फ्लॅश चालू करा. नाहीतर जॉर्ज टाउनमधल्या दुकानांपुढचे ते पाच फुटी व्हरांडे गाठा. तिथे रस्त्यावरून परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर पडतो. आर्मेनियन स्ट्रीटवरच्या सायकलवरच्या दोन मुलांच्या चित्रापुढे रांग लावून उन्हात काढलेल्या फोटोपेक्षा माझ्या बायकोचा, अशाच एका व्हरांड्यात नारळपाणी पितानाचा फोटो कितीतरी चांगला आलाय. तोही धुकं जाण्याची वाट बघत बसलो होतो म्हणून.